पहिला डेमो आणि दुसऱ्याचं मशीन: एका नवख्या ग्रुपची केस

पार्श्वभूमी

डेमो बनवणारा तीन जणांचा ग्रुप आहे. नावं देत नाही, ज्या पार्टीत त्यांनी डेमो दाखवला तिचंही नाव देत नाही, पण लिहू का म्हणून तिघांना विचारून घेतलंय. कोडर नोकरीत वेब सॉफ्टवेअर लिहितो आणि ग्राफिक्स रात्री शेडरटॉयवर (शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम, लिहायची आणि दाखवायची साइट) खेळत खेळत शिकलेला. संगीतवाला स्वतःपुरते ट्रॅक बनवायचा, रिलीज कधी काही केलं नव्हतं. ग्राफिक्सवालीचा हात टायपोग्राफी आणि लेआउटमध्ये, थ्रीडीशी तिचा काही संबंध नव्हता. मी मधूनमधून त्यांचे बिल्ड माझ्याकडे चालवून बघायचो आणि कॉम्पोच्या, म्हणजे स्पर्धेच्या, रात्री हॉलमध्ये होतो, बाकीचं त्यांच्या तोंडून आणि त्यांच्या चॅटमधून घेतलंय.

डेमो म्हणजे काय हे माहीत नसेल तर थोडक्यात: एक प्रोग्राम, तो चालवला की चित्र कॉम्प्युटर तिथल्या तिथे तयार करतो आणि ते संगीताबरोबर बांधलेलं असतं, खेळायचं काही नसतं, फक्त बघायचं. ऐंशीच्या दशकात कमोडोर ६४ आणि अमिगा या घरगुती कॉम्प्युटरचे क्रॅक केलेले (कॉपी-बंदी तोडलेले) गेम फिरायचे, त्यांच्या सुरुवातीला क्रॅक करणाऱ्या पोरांनी आपल्या ग्रुपचं नाव नाचवायला छोटे इंट्रो लावले, पुढे गेम बाजूला पडला आणि इंट्रोच मुख्य झाला. हे दाखवायची जागा म्हणजे डेमो पार्टी. फिनलंडची असेम्ब्ली १९९२ पासून चालू आहे, जर्मनीत सारब्रुकेनला ईस्टरच्या सुट्टीत रिव्हिजन भरते ती २०११ पासून. आता तर फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला, म्हणजे डेमो बनवणाऱ्यांच्या या जगाला, आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलंय, त्यामुळे नव्या लोकांना उगाच वाटतं की हे म्युझियमवाल्यांचं प्रकरण झालं, आपल्याला कोण विचारणार. तसं काही नसतं. एंट्री दिली की ती बहुतेक वेळा मोठ्या पडद्यावर लागते, जुन्या ग्रुपची असो की पहिल्यांदा आलेल्यांची, आणि मत देतात ते मुख्यतः पार्टीला आलेले लोकच.

या तिघांनी डेमो द्यायचं ठरवलं तेव्हा पार्टी आठ महिन्यांवर होती. संगीतवाला एकदा नुसता बघायला जाऊन आला होता, बाकी दोघांनी पार्टी बघितलीच नव्हती.

अडचण

पाच महिने झाले तेव्हा त्यांच्याकडे इंजिन (डेमो चालवणारं सॉफ्टवेअर) होतं, डेमो नव्हता. कोडरने मनापासून इंजिन लिहिलं होतं, त्यात टाइमलाइन, एडिटर, नोड्स जोडायची खिडकी, शेडर सेव्ह केला की चालू प्रोग्राममध्ये लगेच बदलायची सोय, सगळं. सीन मात्र दोनच, आणि त्यातला एक म्हणजे फिरणारा गोळा. संगीतवाल्याकडे चार अर्धवट ट्रॅक होते कारण किती लांबीचं हवंय हे त्याला कुणी सांगत नव्हतं, आणि ग्राफिक्सवालीने ग्रुपचा लोगो तीनदा नव्याने केला होता कारण तिला दुसरं काही कामच मिळालं नव्हतं. हे पहिल्या डेमोत इतक्यांचं होतं की मला त्यात नवल वाटलं नाही. टूल लिहिताना रोज काहीतरी पूर्ण होतं, डेमो बनवताना रोज काहीतरी चुकतं, म्हणून माणूस टूलकडे पळतो.

दुसरी अडचण तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नव्हती. डेमो शेवटी एकदाच चालतो, ऑर्गनायझरच्या मशीनवर, काळोख्या हॉलमध्ये, आणि त्या वेळी कीबोर्डपाशी तुम्ही नसता. प्रेक्षक म्हणजे दिवसभर स्क्रीन बघून थकलेले शेकडो लोक, त्यातले निम्मे स्वतः कोडर. ही एक गोष्ट पहिल्या आठवड्यात कागदावर लिहिली असती तर पुढचे बरेच निर्णय आपोआप झाले असते, पण तिघेही आपापल्या खोलीत, आपापल्या मॉनिटरवर, आपापल्या ग्राफिक्स कार्डावर बघत होते.

कोणती कॅटेगरी: पहिला खरा निर्णय

तीन महिने उरले तेव्हा तिघे बसले. समोर चार रस्ते होते.

४के इंट्रो म्हणजे पूर्ण प्रोग्राम ४,०९६ बाइटमध्ये, संगीतासकट. हे अशक्य वाटतं पण आरजीबीए आणि टीबीसी या ग्रुप्सचं एलिव्हेटेड २००९ च्या ब्रेकपॉइंट पार्टीला याच साइझमध्ये होतं आणि त्यात बर्फाच्या डोंगररांगांवरून कॅमेरा फिरतो. ६४के म्हणजे ६५,५३६ बाइट. संगीतवाल्याचा जीव ६४के वर होता, त्याचं म्हणणं डेमोसीनमध्ये मान त्यालाच आहे. मान आहे हे खरंच, फारब्राउश ग्रुपचं २००० सालचं एफआर-०८ लोक अजून आदराने काढतात. पण हिशोब बघा, सीडीच्या दर्जाचा साधा स्टिरिओ ऑडिओ मिनिटाला एक कोटी पाच लाखांवर बाइट खातो, म्हणजे ६४के मध्ये रेकॉर्ड केलेला ट्रॅक ठेवायचा विचारच सोडा, सिंथेसायझर स्वतः कोडमध्ये लिहायचा किंवा कुणी लिहिलेला वापरायचा आणि आपली सगळी वाद्यं त्यात पुन्हा घडवायची. संगीतवाल्याने तसा सिंथ आधी उघडूनही बघितलेला नव्हता. टेक्स्चर (वस्तूंवर चढवायच्या चित्राची) फाइल नाही, फॉन्ट फाइल नाही, म्हणजे ग्राफिक्सवालीची निम्मी कामं बाद.

तिसरा रस्ता साधा डेमो, जिथे साइझची मर्यादा इतकी मोठी की अडत नाही, पण मग स्पर्धेत अनुभवी ग्रुपही असतात आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षं घासलेली टूल्स असतात. चौथा वाइल्ड, ज्यात व्हिडिओ फाइल दिली तरी चालते.

त्यांनी डेमो घेतला. कारण ग्राफिक्सवालीने एका वाक्यात दिलं, "साइझमध्ये गेलो तर तुम्ही दोघं डेमो करणार आणि मी टाळ्या वाजवणार." मला हा निर्णय बरोबर वाटतो आणि कारणही बरोबर वाटतं. कॅटेगरी निवडताना मान कशाला जास्त हे बघण्यापेक्षा ग्रुपमध्ये कोण काय करू शकतं हे बघावं. एकटा कोडर असता तर मी त्याला डोळे झाकून ४के कडे पाठवलं असतं, तिथे वाढवायला जागाच नसते त्यामुळे एक कल्पना पूर्ण करण्यावाचून इलाज नसतो.

दुसरा निर्णय इंजिनचा. तयार गेम इंजिन घ्यायचं, दुसऱ्या कुणाचं डेमो टूल घ्यायचं, की आपलंच चालू ठेवायचं. तयार गेम इंजिनवर डेमोसीनमध्ये थोडं नाक मुरडणारे भेटतात, नियमात मात्र बहुतेक ठिकाणी बसतं. कोडरने शेवटी आपला एडिटर आणि नोड्सची खिडकी काढून टाकली आणि फक्त प्लेअर ठेवला, म्हणजे शेडर लोड कर, संगीत वाजव, वेळेप्रमाणे आकडे दे, एवढंच. आकडे देण्यासाठी रॉकेट जोडलं. रॉकेट हे सिंकचं, म्हणजे चित्र संगीताशी जुळवायचं, छोटं टूल आहे, ट्रॅकर या संगीताच्या सॉफ्टवेअरसारख्या उभ्या ओळी असतात, प्रत्येक कॉलम म्हणजे एक आकडा, कॅमेरा कुठे, उजेड किती, कोणता सीन, आणि दोन आकड्यांच्या मधलं अंतर एकदम उडी मारून जायचं की सरळ चढायचं की हळू सुरू होऊन हळू थांबायचं ते सांगता येतं. डेमो चालू असताना बदललं की पडद्यावर लगेच दिसतं. पाच महिन्यांचं काम फेकलं म्हणून कोडर आठवडाभर गप्प होता, पण पुढच्या दोन आठवड्यांत आधीच्या पाच महिन्यांपेक्षा जास्त डेमो तयार झाला.

तिसरा निर्णय छोटा पण महत्त्वाचा. एका सीनमधले ढग कोडरने शेडरटॉयवरून उचललेले होते. तिथे लेखकाने वेगळं काही लिहिलं नसेल तर कोड ज्या लायसन्सखाली जातो त्यात नाव देणं बंधनकारक आहे, व्यावसायिक वापर चालत नाही आणि त्यावरून केलेलं पुढचं कामही त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं. नाव देऊन वापरता आलं असतं. पण हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणीतरी ते ढग ओळखणार हे नक्की, आणि पहिल्याच डेमोवर हे त्यांचे ढग नाहीत हा शिक्का बसला की निघत नाही. त्यांनी ढग काढले आणि त्या जागी साधं धुकं स्वतः लिहिलं, दिसायला कमी पण आपलं.

काय केलं

आधी संगीत पक्कं केलं. हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय, कारण त्यानंतर बाकी प्रत्येक वादाला मोजपट्टी मिळाली. चार मिनिटांचा ट्रॅक होता तो कापून ८८ बारचा केला. वेग १२५ बीपीएम (मिनिटाला १२५ बीट), एका बारात चार बीट, म्हणजे एक बार १.९२ सेकंदांचा आणि पूर्ण डेमो दोन मिनिटं एकोणपन्नास सेकंद.

१२५ कसे आले त्याचीही गंमत आहे. आधी ट्रॅक १२० चा होता. संगीतवाल्याने हिशोब केला की ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० आकडे, म्हणजे सॅम्पल्स) १२० बीपीएम धरले तर बीटच्या चौथ्या भागात ५,५१२.५ सॅम्पल्स येतात, ते अर्धं सॅम्पल सोडून दिलं तर चित्र आणि संगीत हळूहळू सरकणार, १२५ ला मात्र बरोबर ५,२९२ येतात. हिशोब बरोबर आहे, फक्त तीन मिनिटांत हा फरक सोळा मिलिसेकंद होतो, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम, कुणाच्या बापाला दिसत नाही. शिवाय कोडर वेळ फ्रेम मोजून घेत नव्हता, ऑडिओ आत्ता कुठे वाजतोय ते विचारून घेत होता, त्यामुळे सरकण्याचा प्रश्नच नव्हता. पण १२५ वर ट्रॅक जास्त धावता वाटला म्हणून तो तसाच राहिला.

फ्रेम मोजून सिंक करणं मात्र टाळलंच पाहिजे, नव्याने करणाऱ्यांनी हे घोकून ठेवा. आपल्या मशीनवर साठ फ्रेम पडतात म्हणून तिकडेही साठच पडतील असं नाही, एक जड सीन आला की चित्र मागे पडतं आणि शेवटापर्यंत मागेच राहतं.

मग ग्राफिक्सवालीने कागदावर सात सीनची पट्टी काढली, कोणत्या बारला काय, आणि त्यातले दोन तिनेच खोडले. टेक्स्ट किती मोठं हवं यासाठी लॅपटॉप खोलीच्या एका टोकाला ठेवून दुसऱ्या टोकाला जाऊन वाचायची. तिघांत हॉलचा विचार तोपर्यंत करणारी ती एकटीच, आणि पार्टी कधी न बघता.

कोडरचा सगळा वेळ वेगात गेला. सीन रेमार्चिंगचे होते, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडायचा आणि वस्तू किती लांब आहे ते विचारत विचारत पुढे सरकायचं. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांवर पिक्सेल, प्रत्येकाला शंभर पावलं धरली तर एका फ्रेममध्ये वीस कोटी वेळा अंतर काढायचं, आणि हे सगळं १६.७ मिलिसेकंदांत. पावलं कमी केली, लांबचं धुक्यात बुडवलं, आरसा एकाच सीनमध्ये ठेवला.

मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक, सुरुवातीला जवळजवळ मिनिटभर काळी स्क्रीन, कारण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर शेडरमधले लूप उलगडून भलामोठा कोड बनवत होता. यावर शेडरटॉयवाल्यांची जुनी युक्ती आहे, लूपची सुरुवात सरळ शून्य न लिहिता अशा आकड्याने करायची जो शून्यच असतो पण कंपायलरला आधी कळत नाही, मग तो उलगडत बसत नाही. वेळ चौथ्या हिश्शावर आला. दोन, नॉइजचं (विस्कळीत ठिपक्यांचं) मोठं टेक्स्चर एकाच फटक्यात काढलं जात होतं, आणि विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की सिस्टिम ड्रायव्हर रीसेट करते, प्रोग्राम मेला. कोडरच्या कार्डावर तेच काम अर्ध्या सेकंदात होत होतं म्हणून त्याला कधी दिसलं नाही. त्याने काम चौकोनांत तोडलं आणि मधे लोडिंगची पट्टी टाकली.

इथे एक थांबा होता जो ग्रुपने घेतला नाही. दुसऱ्याच्या मशीनवर दोन गोष्टी फुटल्या, त्या दुरुस्त केल्या आणि पुढे गेले. आणखी कुठे फुटेल हे विचारायची ती वेळ होती. पार्टीच्या नियमांच्या पानावर कॉम्पो मशीनचं वर्णन कधीचं लिहिलेलं होतं, ग्राफिक्स कार्डाच्या नावासकट. त्यांनी त्यातली मेमरी बघितली, भरपूर आहे म्हणाले, पान बंद केलं. कार्ड त्यांच्या तिघांच्या आणि माझ्याही कार्डापेक्षा वेगळ्या कंपनीचं होतं.

पार्टीत

पहिल्या रात्री छोट्या कॉम्पो बघताना तिघांच्या लक्षात आलं की मोठ्या पडद्यावर काळं हे काळं नसतं. प्रोजेक्टरचा स्वतःचा उजेड, वर टेबलाटेबलांवर चालू असलेले मॉनिटर, त्यामुळे गडद राखाडी आणि काळा यातला फरक गायब. त्यांचा दुसरा सीन म्हणजे अंधाऱ्या बोगद्यातला हळू उजेड, तो पूर्ण गेला असता. पर्याय दोन, प्रत्येक सीनचा उजेड पुन्हा लावायचा किंवा शेवटच्या पोस्ट प्रोसेसिंगमध्ये सगळ्या गडद छटा एकदम वर उचलायच्या. दुसरा घेतला, एका ओळीचं काम. त्यामुळे धुक्यात पट्टे दिसायला लागले, आठ बिटमध्ये गडद छटा मुळातच थोड्या आणि त्या ताणल्या की पायऱ्या उघड्या पडतात. त्यावर प्रत्येक पिक्सेलला एका छटेइतका बारीक नॉइज मिसळला, पट्टे विरले. शेवटच्या रात्री कोडला हात लावू नये म्हणतात, पण एवढ्यापुरता तो नियम मोडणं मला योग्य वाटतं, बदल एका जागी होता आणि परत काढणंही सोपं होतं.

डेडलाइन रविवारी दुपारची. अपलोड केला डेडलाइनच्या तासभर आधी. कॉम्पो सांभाळणारी टीम प्रत्येक एंट्री खऱ्या मशीनवर चालवून बघते, आणि थोड्या वेळात त्यातला एक जण त्यांच्या टेबलापाशी आला. डेमो उघडतच नव्हता, शेडर कंपाइल होताना अकरा चुका. "तासभर देतो, त्यात जमलं तर बघा," म्हणाला. बहुतेक ठिकाणी कॉम्पो टीम अशी समजूतदार असते, पण ती मेहरबानी आहे, हक्क नाही.

चुका कशाच्या ते कळायला दोन मिनिटं लागली. शेडर जीएलएसएल या शेडर भाषेत लिहिलेले, पण कोडरने सॅच्युरेट नावाचं फंक्शन वापरलं होतं जे एचएलएसएल या दुसऱ्या शेडर भाषेतलं आहे, जीएलएसएल मध्ये नाहीच. काही ड्रायव्हर याला चालवून घेतात, काही नियमावर बोट ठेवतात. महिनोन्महिने ढिल्या ड्रायव्हरवर काम केल्यामुळे कोडरला ते चूक आहे हेच माहीत नव्हतं.

आता काय करायचं यावर तीन मतं पडली. संगीतवाला म्हणाला आपल्या मशीनवर रेकॉर्ड करू आणि व्हिडिओ वाइल्डमध्ये देऊ, पण वाइल्डची डेडलाइन आदल्या दिवशी संपलेली. ग्राफिक्सवाली म्हणाली मागे घेऊ, पुढच्या पार्टीला नीट देऊ. कोडर म्हणाला दुरुस्त करतो, पण इथे त्या कंपनीचं कार्ड असलेलं मशीन पाहिजे, नाहीतर अंधारात बाण. इथे हॉलमध्ये असण्याचा फायदा झाला. शेजारच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाने आपला डेस्कटॉप मोकळा करून दिला, वर चुका वाचायला स्वतः बसला.

अकरा चुका पंधरा मिनिटांत गेल्या. डेमो चालू झाला आणि चौथ्या सीनमध्ये पूर्ण स्क्रीनवर रंगीत कचरा. चौथा सीन ५७ व्या बारला, म्हणजे ट्रॅक जिथे एकदम मोठा होतो तिथेच. वीस मिनिटं शोधून सापडेना. कोडरला अजून वीस मिनिटं हवी होती. या ठिकाणी ग्राफिक्सवालीने निर्णय घेतला, आणि माझ्या मते पूर्ण डेमो तिथे वाचला: सीन काढा. पण तिथे काय दाखवायचं? तिसरा सीन लांबवला तर संगीत फुटतं तेव्हा पडद्यावर काहीच घडत नाही. तिने शेवटाला ठेवलेले ग्रीटिंग्ज, म्हणजे ज्या ग्रुपना आपण सलाम करतो त्यांची नावं, उचलून ५७ व्या बारला आणायला सांगितले. प्रत्येक बीटला एक नाव, पडदा भरून. अक्षरं तिने आधीच मोठी ठेवलेली, त्यामुळे रॉकेटमध्ये फक्त ओळी सरकवायच्या होत्या. संगीतवाल्याला राग आला, त्याने ती जागा बोगद्यातून बाहेर पडण्यासाठी लिहिली होती. वाद घालायला वेळ नव्हता हे एक बरं.

वेळेत दिला. चालला.

निकाल

कॉम्पोत चौदा एंट्री होत्या, यांची चौथी लागली. पहिला सीन शांतपणे बघितला गेला, बोगदा दिसला, निदान दिसला तरी. ५७ व्या बारला नावं यायला लागली तशी ज्या ज्या ग्रुपचं नाव येईल त्या टेबलावरून आरडाओरडा, पाचसहा नावांनंतर बाकीचे लोकही पुढचं नाव कोणतं म्हणून ओरडायला लागले. शेवट मात्र बसला नाही. ग्रीटिंग्ज वर गेल्यामुळे शेवटचे आठ बार धुकं आणि लोगो एवढंच उरलं, टाळ्या कधी वाजवायच्या ते लोकांना कळलं नाही.

नंबर आठवा आला. पहिल्या डेमोसाठी हे चांगलं आहे, तिघांना तेव्हा वाटलं नाही. नंतर टेबलापाशी येऊन बोलणाऱ्यांनी टायपोग्राफीचं कौतुक केलं आणि सीन एकमेकांशी जोडलेले वाटत नाहीत असं सांगितलं, दोन्ही खरं होतं.

रंगीत कचऱ्याचं कारण परतल्यावर सापडलं. चमक साठवणाऱ्या व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. त्यांच्या कार्डावर तिथे शून्य असायचं, दुसऱ्या कार्डावर जे काही पडलेलं असेल ते. दुरुस्ती एका ओळीची.

वेगळं काय करता आलं असतं

कॉम्पो मशीनचं पान नीट वाचणं हे पहिलं. त्या कंपनीचं कार्ड असलेला एक ओळखीचा माणूस दोन महिने आधी शोधला असता तर रविवारची दुपार जेवणात गेली असती. जीएलएसएल तपासणारा ग्लसलँग नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो कुठल्या ड्रायव्हरवर अवलंबून नाही, नियमाबाहेरचं काही असेल तर सांगतो, तो प्रत्येक बिल्डला चालवला असता तर अकराच्या अकरा चुका पहिल्या दिवशी कळल्या असत्या. रिकामं व्हेरिएबल मात्र त्याने पकडलं असतंच असं नाही, त्यासाठी दुसरं कार्डच हवं.

अपलोडचंही तसंच. बहुतेक पार्ट्यांत डेडलाइनपर्यंत तीच एंट्री पुन्हा पुन्हा बदलता येते, मग पहिल्या दिवशी असेल तसा टाकून कॉम्पो टीमला सवडीने बघा म्हणता आलं असतं. कोडरला अर्धवट काम दाखवायची लाज वाटत होती. कॉम्पो टीमने अर्धवट कामं इतकी बघितलेली असतात की त्यांना काही वाटत नाही, उलट लवकर देणारा माणूस त्यांना आवडतो.

इंजिनवरचे पाच महिने वाया गेले का, यावर आमचं एकमत नाही. कोडर म्हणतो त्यातूनच शिकलो. मला वाटतं संगीत पहिल्या महिन्यात पक्कं झालं असतं तर इंजिनला काय काय लागतं हे त्यालाच कळलं असतं आणि नोड्सची खिडकी लिहिलीच गेली नसती. वेळ उरला असता तो सीन एकमेकांना जोडण्यात घालवता आला असता, आणि लोकांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथेच.

मागे घेऊन पुढच्या पार्टीला द्यायचं हे ग्राफिक्सवालीचं पहिलं मत चूक होतं असं मी म्हणणार नाही. अजून तासभर कचराच दिसत राहिला असता तर तेच करावं लागलं असतं. पण तो तास मिळालेला असताना आधी किती वेळ शोधायचं आणि कधी कापायचं हे ठरवून बसायला हवं होतं. वीस मिनिटांनी ती बोलली म्हणून झालं, ती त्या वेळी कॉफी आणायला गेली असती तर कोडर डेडलाइन उलटेपर्यंत शोधत बसला असता.

फायनल व्हर्जन दीड महिन्यानंतर आली. चौथा सीन दुरुस्त होऊनही ५७ व्या बारला परत आला नाही, ग्रीटिंग्ज तिथेच ठेवले आणि दुरुस्त सीन शेवटच्या आठ बारांत गेला. संगीतवाल्याने त्यासाठी शेवट पुन्हा लिहिला. झिपमध्ये पार्टीत चाललेली एक्झी पण आहे, सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये कोणत्या कार्डावर तपासलंय ते लिहिलंय आणि डेस्कटॉप देणाऱ्या माणसाच्या ग्रुपचे आभार आहेत. पुढचं काम ६४के करायचं की पुन्हा डेमो यावर चॅटमध्ये अजून भांडण चालू आहे, संगीतवाल्याने सिंथ मात्र शिकायला घेतलाय.